मुसळ सावकाश उठू दे

आनसा, मिरच्या कुटायच्या डंकाच्या खोलीचं कुलूप काढलं. तेवढं तुला सांगायचं होतं, म्हणून बसलोय.

तुझं तेरावं झालं, पावणं आपापल्या वाटेनं गेलं. मुरगूडचा तुझा भाऊ जाताना उंबऱ्यात थांबला आणि म्हणाला, "दाजी, डंक आता बंद करा. तुमचं वय न्हाई त्याचं." मी मान हलवली. खरं सांगू का, बरं वाटलं मला. कुणीतरी तसं म्हणावं म्हणून मी वाटच बघत होतो. गल्लीला वाटायचं, बायको गेली, म्हातारा दुःखात आहे, म्हणून खोली उघडत नाही. दुःख होतंच की. पण कुलपाला हात लागत नव्हता तो दुःखानं नव्हे, भ्यानं.

भिंतीवरच्या त्या डब्याचं भ्या. अस्लम मिस्त्री त्याला ड्राइव्ह म्हणतो, तू 'माझी बटणं' म्हणायचीस, मी डबा म्हणतो. वर लाल आकडे, खाली बटणांची पट्टी. डंकाची मोटर किती जोरात फिरवायची, मुसळं किती सावकाश उठवायची, लाइट जाऊन परत आली तर काय करायचं, हे सगळं ती बटणं दाबून आत भरून ठेवायचं, आणि मग मोटर त्याप्रमाणे वागते. भरलं होतंस तू. पट्टा चढवायचा, ग्रीस मारायचं, मिरच्यांची पोती उतरवायची, ते माझ्याकडं. डब्याकडं मी जात नव्हतो. पंचमीच्या नागाला लांबनं हात जोडतात तसं माझं होतं.

आठवतंय का, अस्लमनं तो बसवला तो दिवस? जुन्या खटक्यानं मोटर दोनदा जळाली होती. अस्लम म्हणाला, "तात्या, इकडं या, बटणं दाखवतो." मी म्हणालो, "हिला दाखव. मी चौथी, ही दुसरी. आमच्यात शिकलेली हीच." चेष्टेनं म्हणालो होतो. तू पदराला हात पुसलास आणि जाऊन उभी राहिलीस की त्याच्या शेजारी. त्यानं जोर कमी-जास्त कसा करायचा ते दाखवायला घेतलं, तर तू म्हणालीस, "ते मागनं. लाइट गेली आणि परत आली, तर हे आपणहून सुरू हुईल का?"

तो म्हणाला, "खटका चालूवर असला तर हुईल की."

"मग ते हुईना असं कसं करायचं, ते आधी दाखव."

अस्लम हसला. मी नाही हसलो. तुझ्या डाव्या हाताचं ते बोट माझ्यासमोर होतं.

त्या बोटाबद्दल आपण कधी बोललोच नाही. जुन्या खटक्याच्या काळातलं. मी बाजारात गेलतो. दुपारी लाइट गेली, खटका तसाच चालूवर राहिला, तू उखळाचा तळ काढायला हात घातलास आणि लाइट आली. मी परत आलो तेव्हा तुझ्या बोटाला फडकं बांधलेलं होतं, आणि तू त्या गिऱ्हाईक बाईला आपल्या घरच्या मिरच्या मोजून देत होतीस, तिची चटणी टाकावी लागली म्हणून. मी विचारलं, काय झालं. तू म्हणालीस, "काय न्हाई, शेंडा गेला." जसं काय भेंडीचाच शेंडा. त्या बोटाला पुन्हा नख आलं नाही. आणि पुढं त्याच बोटानं तू बटणं दाबायचीस. बाकीच्या बोटांना मिरची असायची, ते एक तू चटणीत कधी घालत नव्हतीस.

मी मात्र तुझ्याशी भांडतच राहिलो. गेल्या उन्हाळ्यात तर रोज.

"अगं, दिवसातनं चारदा लाइट जातीया. दरवेळेला मी उठायचं, जायचं, बटण दाबायचं. गुडघं गेलं माझं. लाइट आली की आपोआप सुरू हुईल असं करून ठेव की."

"गुडघं गेल्यालं चालतंय. हात गेल्याला चालत न्हाई."

"मग तू दाब."

"मी दाबतो की. तुमी बसा राजावानी."

आणि तो सावकाश उठायचा प्रकार. बटण दाबलं की आपला डंक आधी घुमायचा, मग पहिलं मुसळ हळूहळू वर जायचं, मग दुसरं, आणि मग कुठं लयीत पडायचं. पुढं गिऱ्हाइकांची रांग, आणि हा आपला आळस देतोय. मी म्हणायचो, "तुझा डंक जांभया देत उठतोय. पलीकडच्या गल्लीतला बघ. बटण दाबलं की धाडधाड."

तू मान वर न करता म्हणायचीस, "मग त्याच्याकडं जा नांदायला."

चटणीला बसलेल्या बाया खदाखदा हसायच्या. मी रागानं पोती उचलायला जायचो. शेवटी कधीतरी तू म्हणालीस, "बघू येत्या उन्हाळ्याला." तो उन्हाळा आला. बघायला तू नाहीस. त्या 'बघू'चा अर्थ काय होता, ते मला आता कोण सांगणार? माझे गुडघे बघून तू ऐकणार होतीस, का नुसतं माझं तोंड बंद केलंस?

तर कुलूप निघालं ते पेठ वडगावच्या मगदूम वहिनींमुळं. दरसालच्यासारख्या त्या आल्या, मिरच्या वाळवून, देठं काढून. त्या जैन. कांदा-लसूण चालत नाही, म्हणून वर्षाचा पहिला मान तू त्यांना द्यायचीस, उखळाला लसूण लागायच्या आधी. तुझ्या फोटोसमोर जरा बसल्या, डोळे पुसले, आणि मला म्हणाल्या, "तात्या, दुसरीकडं कुठं जाऊ मी? त्यांच्या उखळातनं लसणाचा वास बारा महिने जात न्हाई."

मी 'डंक बंद केलाय' म्हणणार होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातनं आपली सून बाहेर आली. "ठेवा वहिनी पिशवी. मी करून देतो."

मी शोभाकडं बघितलं. "तू कवा बसलीस गं डंकावर?"

"आत्यांनी शिकवलंय की. तुमी दुपारी झोपल्यावर."

"आणि मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुमी बसू दिलं असतं व्हय?"

नसतं दिलं. आनसा, तू बसायचीस तेव्हा मी तुझ्या हाताकडं बघत नव्हतो. एकदा जायचं ते गेलंय, आता काही होत नाही, असं मनाला सांगून ठेवलं होतं. पण शोभाचा हात अख्खा आहे. कोपरापासून मनगटापर्यंत हिरव्या बांगड्या, दहाच्या दहा बोटांना नखं. तो हात त्या दोन मुसळांच्या मधे.

खोली उघडली. डब्यावर तू घातलेली प्लास्टिकची पिशवी तशीच होती, रबर लावलेलं. काढली. मेन वर केली. आकडे आले, पण लुकलुकायला लागले, आणि आतनं खरखर आवाज. मी मेन पाडली आणि अस्लमला फोन लावला.

त्यानं उघडून बघितलं. "तात्या, हे म्हातारं झालं. पंखा गेलाय, आतला कंडेन्सर फुगलाय. आज चालंल, उद्या चटणी अर्धी असताना बसंल. ह्याच कंपनीचा दुसरा आणतो. कंपनीची सेटिंग असतीया त्यात, लावला की चालू."

"कंपनीच्या सेटिंगला लाइट आल्यावर काय हुतंय?"

"खटका चालूवर असला तर फिरणार."

"मग नको. हिचीच पाहिजे."

तुझा लाडका होता तो, तुझ्या हातची चटणी डब्यातनं न्यायचा. जुन्या डब्याकडं बघत म्हणाला, "तसं करू. दोन्ही शेजारी शेजारी पेटवतो. मावशींचं जुन्यातनं वाचायचं आणि नव्यात घालायचं. पण बटणं तुमी दाबायची."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच. मी उद्या गारगोटीला असलो आणि हे बंद पडलं, तर कोण दाबणार? शोभावहिनी चटणीत असणार."

मला पाटावर बसवलं, चष्मा घालायला लावला. त्यानं सांगितलं, वरचा बाण आकडा वाढवतो, खालचा कमी करतो. नुसतं बघत फिरलं तर काही होत नाही. हे मोठं बटण दाबलं की मात्र समोरचा आकडा आत बसला. मी बाणावर बोट ठेवलं आणि घाबरून तसंच दाबून धरलं. आकडे सुसाट पळायला लागले.

"सोडा की बोट, तात्या."

"तिचं पुसलं का रे?"

"न्हाई वो. मावशींचं त्या डब्यात हाय. तुमी हा दाबताय. आणि मोठं बटण दाबल्याशिवाय ह्यात बी काय बसत न्हाई. परत या मागं."

परत आलो. मग एकेक. अस्लम तुझा आकडा काढून दाखवायचा, त्याचा अर्थ सांगायचा, मी नव्यात तो आणायचा. सुक्या मिरचीचा जोर. मग लसूण-कोथिंबीर पडल्यावरचा, तो कमी, बाहेर उडू नये म्हणून. इतकी वर्षं मला वाटायचं, तू मनाला येईल तसं करतेस. मी शेजारी पोती उतरवत होतो आणि तू काय करतेस ते मला ठाऊक नव्हतं. कधी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. विचारलं असतं तर टोमणा मारून का होईना, सांगितलं असतंस.

मग ते आलं. तिथं शून्य होतं.

"हेच ते," अस्लम म्हणाला. "शून्य म्हंजे लाइट आली तरी उठायचं न्हाई. माणसानं येऊन बटण दाबायचं, तवाच."

नव्यात एक होता. मी खालचा बाण दाबला, शून्य आलं. मोठं बटण दाबताना बोट इतकं कापत होतं की दुसऱ्या हातानं मनगट धरलं. आकडा एकदा मिचकला आणि थांबला. मी म्हणालो, "बसलं का ते बघ." त्यानं बटणांनीच त्या आकड्यातनं बाहेर जाऊन पुन्हा आत येऊन दाखवलं. शून्य. मी म्हणालो, "परत बघ." परत शून्य. आणखी एकदा म्हणालो, तर म्हणाला, "तात्या, आता ते बी कंटाळलं."

सावकाश उठायचा आकडा शेवटी आला. दहा सेकंद. तू दहा ठेवला होतास. अस्लमनं माझ्याकडं बघितलं. आपलं भांडण साऱ्या गल्लीला पाठ. "कमी करायचा का?"

"तूर्त दहाच राहू दे."

सगळं झाल्यावर त्यानं जुन्या डब्याची लाइट तोडली. मी तो उतरवायला उठलो, तर त्यानं माझा हात धरला. "लगेच हात लावू नका. वरनं तोडली तरी आत करंट ऱ्हातोय. आकडे विझूपर्यंत थांबायचं." मग आम्ही दोघं बसून राहिलो. तुझा दहा होता तिथं. लाल होता, फिका झाला, आणखी फिका झाला. अस्लम रस्त्याकडं बघत बसला. गेला की नाही हे समजायला मला डब्याजवळ तोंड न्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभानं उखळाला हळदी-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, तू करायचीस तसं आधी खडं मीठ कुटून घेतलं. मग वहिनींच्या मिरच्या. वहिनी समोर बसल्या. मी मेनजवळ उभा राहिलो, भिंतीला पाठ लावून. मुसळांकडं बघवेना, म्हणून बांगड्यांकडं बघत होतो. मुसळ वर गेलं की बांगड्या आत, मुसळ यायच्या आत बाहेर. तुझाच हात. लय अगदी तीच.

"तात्या, तितं का हुबं ऱ्हायलाय? चा घ्या की."

"तू हाताकडं बघ. माझ्याकडं बघू नको."

आणि लाइट गेली. मुसळं थांबली, एक वर, एक खाली. शोभानं ताबडतोब वरच्या मुसळाखाली कोपरापर्यंत हात घातला आणि तळ खरवडायला लागली. मी ओरडलो, "हात काढ."

"बंदच हाय की. तळ बंद असतानाच काढायचा. आत्यांनी सांगितलंय."

खटका चालूवर होता. मला दिसत होता. चार पावलांवर. पाय उचलेनात, आनसा. मला तुझं फडकं दिसत होतं, आणि तू मोजून दिलेल्या मिरच्या. मी पाडणार कुठली मेन, हात मेनवरच होता आणि तोही हलेना. आणि डोक्यावरचा बल्ब लागला.

शोभाचा हात आत होता.

मुसळ जागचं हललं नाही. डब्यावर आकडे आले, लाल, आणि तिथंच लुकलुकत थांबले. कुणीतरी येऊन सांगेपर्यंत थांबणार होते. शोभानं मान वर केली नाही. "आली वाटतं लाइट," एवढंच म्हणाली आणि उरलेला तळ काढला. वहिनी मात्र माझ्याकडं बघत होत्या. "तात्या, खाली बसा बघू. घामानं भिजलाय तुमी."

बसलो नाही. बसलो असतो तर उठलो नसतो. डब्यापाशी गेलो. "हात दाखव."

"हे बघा." दोन्ही वर केले, कोपरापर्यंत लाल.

बटण दाबलं. डंक घुमला, मुसळ हळूहळू वर निघालं. शोभाच्या पदराचं टोक उखळात पडलं होतं, तिला कळलंच नव्हतं. मुसळ अजून आळस देतंय तोवर तिनं ते ओढून कमरेला खोचलं. घाई न करता. मी ते बघितलं. वहिनींनी बघितलं नाही, शोभानंही मनावर घेतलं नाही. मला एकट्यालाच कळलं, आणि कुणाला सांगावं असं माणूस घरात नाही.

म्हणून तुला सांगतोय. भ्या गेलेलं नाही. मला वाटलं होतं, एकदा तुझं सगळं नव्यात घातलं की सुटलो. उलट झालं. तू होतीस तेव्हा माझ्या वाटणीचं भ्यायचं कामही तूच करत होतीस, मी नुसता भांडत होतो. आता दुपारी झोपत नाही. पंख्याचा आवाज जरा मंदावला की उठतो. लाइट गेली की गुडघे धरत डब्यापाशी जाऊन उभा राहतो, आणि दोन्ही हात वर दिसल्याशिवाय बटण दाबत नाही. शोभा वैतागते. बाया हसतात. हसू देत. मी डाव्या हाताच्या बोटानं दाबतो. का ते विचारू नको.

त्या दिवशी संध्याकाळी सगळ्या गेल्यावर पाट घेऊन डब्यासमोर बसलो. चष्मा लावला. अस्लमनं दाखवलं तसं एकेक करत तुझ्या दहापर्यंत गेलो. भांडण आपलं त्याच्यावरच राहिलं होतं, आणि आता अडवायला तू नव्हतीस. बाणावर बोट ठेवलं. वरच्या. अकरा झाला, बारा झाला. मोठं बटण दाबलं. मिचकला आणि बसला. बाहेर जाऊन, पुन्हा आत येऊन बघितलं. बाराच. तुझ्यापेक्षा माझा हात जास्त कापतो, काही अडकलं तर बंद करायला दोन जास्त लागणारच.

सकाळी पहिल्यांदा सुरू केला तेव्हा शोभा मिरच्यांचं सूप हातात धरून मुसळाकडं बघतच राहिली.

"तात्या, ह्याला काय झालंय? कालच्यापेक्षा सावकाश उठतोय. पलीकडच्या गल्लीतला बघा, बटण दाबलं की धाडधाड."

मी म्हणालो, "जांभया देऊ दे त्याला."